उल्काचं वर्ष

७ जानेवारी २०२४ रोजी प्रल्हाद निमकरांनी मराठी मंडळाच्या खात्यात चाळीस युरो भरले. माणशी वीस, नवराबायकोचे मिळून. वर्षानुवर्षांची सवय. उल्का नोव्हेंबरातच गेली होती, पण हाताला अजून एकट्याचे वीस भरायचं वळण पडलं नव्हतं.

आयर्लंडमधल्या मलिंगार गावच्या या छोट्या मंडळात निवडणूक नव्हती. एका निवडणुकीपायी दोन घरांचं बोलणं तुटलं, तेव्हा मंडळाची यादी सांभाळणारा उपेंद्र म्हणाला होता, "प्राचीन अथेन्समध्ये अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडायचे. आपणही कार्यक्रमप्रमुख तसाच निवडू. जो वर्गणी भरेल त्याची चिठ्ठी."

त्यानंतरच्या आठ वर्षांत उल्काची चिठ्ठी एकदाही निघाली नाही. सभेहून परतताना ती गाडीत म्हणायची, "निघू दे एकदा. असा भोंडला करीन की बघत राहाल. खिरापत तर कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही."

"कसली करणार?"

"अहो, आधीच सांगितली तर ती खिरापत कसली!"

जानेवारीअखेरच्या सभेत पद्मजाने स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढली, उलगडली आणि तिचा चेहरा पडला. उपेंद्रने वाकून वाचलं: उल्का निमकर. वर्गणीच्या यादीवरून त्याने डोळे झाकून चिठ्ठ्या केल्या होत्या.

"माझी चूक झाली. दुसरी काढू या."

"का म्हणून?" प्रल्हादांनी विचारलं. "तिची वर्गणी भरलीय."

"तसं नाही हो, प्रल्हादराव..."

"आठ वर्षं थांबली ती. तिचं वर्ष मी करतो."

"एक तरी गाणं येतं का तुम्हाला?" पद्मजाने डोळे पुसत विचारलं.

"नाही. गाणी तुम्ही म्हणा, मी खुर्च्या हलवतो."

कुणी हरकत घेतली नाही.

ऑक्टोबरात भोंडला ठरला. खिरापतीसाठी प्रल्हादांनी उल्काच्या वह्या चाळल्या, नागपूरला मेहुणीला फोन केला. तिने कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. शेवटी त्यांना एकच गोष्ट जमत होती, ती त्यांनी केली.

पाटावरच्या हत्तीभोवती फेर झाला. प्रल्हाद डबा घेऊन उभे राहिले.

"शिरा! टू ईझी, काका!" पद्मजाची रेवा पहिल्याच फटक्यात ओरडली.

सगळ्या हसल्या. प्रल्हादही हसले, झाकण काढलं आणि शिरा वाढता वाढता "तिची कसली असती, कुणास ठाऊक," म्हणत एकदम खाली बसले. मग बायकांनी त्यांच्याभोवतीच आणखी एक फेर धरला, आणखी चार गाणी म्हटली.

त्यात हॉल अर्धा तास जास्त वापरला गेला. त्याचे बारा युरो मंडळाने अजून द्यायचे आहेत.