माघारी बांधणं

फोल्कमार राईडेलनं आयुष्यात एकच वस्ती उभी केली, आणि ती पाडायची वेळ आली तेव्हा तेही काम त्याच्याच गळ्यात पडलं. कुणाच्या नशिबात काय वाढून ठेवलेलं असतं, सांगता येत नाही बाबा!

पूर्व जर्मनीतल्या झेल्वित्झ गावातली सरकारी सूतगिरणी जोरात होती, तेव्हा कामगारांसाठी टेकडीवर इमारती बांधायचं ठरलं. फोल्कमार तेव्हा नगररचना कचेरीतला तरुण वास्तुविशारद. बर्लिनहून मंजूर नकाशे यायचे, कारखान्यातून तयार भिंती यायच्या, क्रेन त्या एकावर एक ठेवायची. याच्या हातात उरायचं ते एवढंच, की इमारत कुठे, तिचं तोंड कुठे, झाड कुठे. तेवढं मात्र त्यानं जीव ओतून केलं. त्या नकाशात स्वयंपाकघराला खिडकीच नसायची. कांदा परतला की वास थेट अंथरुणापर्यंत. फक्त टोकाच्या घरांना खिडकी काढता येत होती. त्यातलं एक घर फोल्कमारला मिळालं आणि गावाला चघळायला विषय मिळाला. साहेबांच्या बायकोच्या कोबीला तेवढी हवा लागते, असं दुकानाच्या रांगेत तिच्यासमोरच बोलायचे. घर खरं तर सोडतीत निघालं होतं. त्याची बायको रोस्विता हसून सोडून द्यायची. याला मात्र ते वर्षानुवर्षं सलत राहिलं.

मग बर्लिनची भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाले आणि गिरणीला कुलूप लागलं. तरणीताठी पोरं पश्चिमेला गेली. राईडेलांची मुलगीही गेली. संध्याकाळी टेकडीवरच्या निम्म्या खिडक्यांत दिवा दिसेना. रिकाम्या इमारती पाडायला सरकारनं अनुदान काढलं. कागदावर मात्र ‘पाडणं’ म्हणायचं नाही, ‘माघारी बांधणं’ म्हणायचं. म्हणजे उद्या मेलेल्यालाही माघारी जन्मला म्हणतील! कुठल्या इमारती जाणार हे ठरवायचं काम निवृत्तीला टेकलेल्या फोल्कमारकडे आलं. त्यानं पलीकडच्या उतारावरच्या निम्म्या ओस पडलेल्या इमारती निवडल्या. त्याची स्वतःची इमारत माणसांनी भरलेली होती. तिला हात लावायचं कारणच नव्हतं.

निर्णय ऐकवायला शाळेत सभा भरली. उतारावरच्या नित्श्केबाई उठल्या. सगळा जन्म गिरणीच्या खडखडाटात गेलेला, आवाज खणखणीत आणि जिभेला हाड नाही.

“तुमची इमारत यात नसणार, हे आम्ही घरूनच ओळखून आलो होतो, साहेब.”

सगळी सभा हसली. फोल्कमारचे कान तापले. आमच्याकडे माणसं राहतात, तुमच्याकडे दोन मजले रिकामे आहेत, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण तो जुना सल उसळून वर आला.

“पहिली माझीच पाडू,” तो म्हणाला. “लिहून घ्या.”

टाळ्या पडल्या. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! बरं, एकट्याचं घर गेलं असतं तर गोष्ट वेगळी. त्याच्याबरोबर इमारतीतल्या सगळ्यांचं गेलं. दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्यांनी त्याला नमस्कार करणं सोडलं.

तो घरी पोचला तेव्हा रोस्विताला सगळं कळलेलं होतं. शेजारणीनं सांगितलं असेल, असं त्याला वाटलं. ती बटाटे सोलत होती. “माघारी बांधणार ना?” ती म्हणाली. “बांध. मी आतच बसून राहते.” पुढे कितीतरी दिवस ती घराबद्दल अवाक्षर बोलली नाही.

तिच्या त्या गप्प राहण्यानं तो हादरला. महापौरांकडे जाऊन निर्णय बदला म्हणून विनवू लागला. महापौर खूश होते. असा निःस्वार्थी अधिकारी म्हणून वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला होता. आता माघार घेतली तर गावाची शोभा होईल, म्हणाले. वसंतात यंत्र आलं. टोकाची भिंत आधी काढली. रोस्विता बघायला गेली नाही, तो गेला.

आणि पुढची गंमत ऐका. ती एक इमारत पाडून झाली आणि अनुदान आटलं. उतारावरच्या इमारती तशाच राहिल्या. नित्श्केबाईंच्या इमारतीला पुढे नवा रंग लागला, लिफ्ट बसली. बाईंना वाईट वाटलं, एकदा प्लमचा केक घेऊन त्याच्या दारात आल्या. त्यानं दार उघडलं नाही.

स्टेशनामागच्या दोन खोल्यांत रोस्विता जेमतेम वर्षभर राहिली. ईस्टरला बहिणीकडे गोर्लिट्झला गेली ती गेलीच. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. तो दर रविवारी फोन करायचा. हवापाणी, गुडघे, मुलीची खुशाली, एवढंच बोलणं व्हायचं. एका रविवारी मात्र त्याला राहवलं नाही.

“माझं चुकलं, रोस्विता. घर घालवायला नको होतं.”

“घराचं सोड रे,” ती म्हणाली. “मी मागच्याच बाकावर बसले होते. बोलायच्या आधी एकदा तिकडे बघायचंस.”

ती त्या सभेला आली होती, हे फोल्कमारला तेव्हा पहिल्यांदा कळलं.