नोंदीत राहून गेलेला हिट

शनिवार, १४ जून १९८६. हजर: त्र्याण्णव वर्षांचे आजोबा, त्यांची मुलगी आणि मी. जागा: न्यू जर्सीतल्या वृद्धाश्रमाची जेवणाची खोली. तिथलं ऑफिस मी सांभाळते. काम: एक फॉर्म भरणे.

आजोबांनी जन्मभर प्लंबिंग केलं. त्याआधी, पहिल्या महायुद्धापूर्वीच्या एका उन्हाळ्यात, ते पगारी बेसबॉल खेळाडू होते. सात आठवडे. मग बोट मोडलं आणि संघाने त्यांना घरी पाठवलं. जुन्या खेळाडूंच्या नोंदी जमवणाऱ्या एका मंडळाच्या यादीत त्यांचं नाव होतं, पुढचे रकाने कोरे. ते भरलेले त्यांना पाहायचे होते.

त्या दिवशी दोन नर्स रजेवर, धुण्याचं मशीन बंद, आणि माझे पाय सकाळपासून दुखत होते. पण नागपूरला मी भावाच्या क्रिकेट क्लबचा स्कोअर लिहीत असे. हे दहा मिनिटांचं काम, असं मी धरून चालले.

"रन किती, आजोबा?" 'आजोबा' हा एक मराठी शब्द त्यांना ठाऊक होता.

"एकही नाही."

"म्हणजे शून्यावर गेलात."

"हिच्या देशात मॅच थांबवून चहा पितात," ते मुलीला म्हणाले, "आणि ही मला हसते."

"डॅड, तिला लिहू दे."

मी रनच्या रकान्यात शून्य लिहिलं. माणूस शून्यावर गेला की पुढे लिहायचं काय? बाकीच्या रकान्यांत रेघा मारल्या आणि पाकीट त्याच दिवशी पोस्टात टाकलं.

ऑगस्टमध्ये छापील पान आलं. आजोबांनी ते भिंगाखाली धरलं.

"माझा हिट कुठंय?"

"रन नव्हता ना?"

"मी बॉल मारला आणि पहिल्या बेसवर पोचलो. तो हिट. चारही बेस फिरून परत आलो असतो तर रन. पुढचा गडी बाद झाला, डाव संपला, मी तिथंच राहिलो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सात आठवड्यांत तेवढंच जमलं मला."

चूक माझी होती, तसं मी त्यांना सांगितलं. मंडळालाही लिहिलं. उत्तर आलं: छापलेली नोंद बदलायला त्या सामन्याच्या बातमीची प्रत हवी. तो पेपर पेनसिल्व्हेनियातल्या एका गावच्या लायब्ररीत आहे. तिथले लोक शोधून देत नाहीत, स्वतः जाऊन पानं चाळावी लागतात. जायला तीन तास, यायला तीन.

सप्टेंबरात त्यांच्या मुलीची पाठ धरली. ऑक्टोबरात आमच्याकडे तपासणी आली. नोव्हेंबरात मीच तापाने पडले. सुरुवातीला आजोबा रोज नाश्त्याला विचारायचे. आता विचारत नाहीत, फक्त मी आले की पेपर बाजूला करून माझ्याकडे बघतात.

लायब्ररी रविवारी बंद असते. शनिवारची सुट्टी मागायची आहे. अजून मागितलेली नाही.