प्रयागबाईचा नीलम

कारंज्याच्या सराफ्यात, एका दुकानामागच्या खोलीत तनुजाचं टेबल होतं. खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक, बाजूला प्रकाश खड्यातून किती वाकतो ते दाखवणारं लहानसं यंत्र, आणि एक भिंग. बाप चंपतराव गावाबाहेर वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवून बाजारात आणायचा. पोरगी मात्र वर्षभर जयपूरला राहून खडे पारखायला शिकली. खडा जमिनीतून निघालेला आहे, निघाल्यावर भट्टीत तापवलेला आहे, की कारखान्यात बनवलेला आहे, एवढंच ती सांगायची. हा खडा लाभेल की बाधेल, असं कोणी विचारलं की म्हणायची, "ते यंत्रात दिसत नाई."

येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, आपला खडा खरा निघावा. धनजची प्रयागबाई आली ती मात्र उलट आशेनं.

साठी उलटलेली, हडकुळी बाई. टेबलावर अंगठी ठेवून म्हणाली, "हा खोटा हाये का, एवढं पाह्यजो पोरी."

"खरा का खोटा, पाहून सांगते मावशी."

"खरा नको पाहू. खोटा हाये का, ते पाह्य."

मग तिनं सांगितलं. अकरा वर्षांमागं तिचा नवरा जानराव याला साडेसाती लागली होती. अकोल्याच्या ज्योतिष्यानं नीलम घालायला सांगितला. प्रयागबाईनं पाटल्या मोडल्या, खडा घेतला आणि शनिवारी आपल्या हातानं त्याच्या बोटात घातला. सतराव्या दिवशी जानराव वावरात, कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीतच कोसळला, तो उठलाच नाही. नीलम बाधला, गाव म्हणालं. नणंद भागिरथा तर मैताला जमलेल्या बायांसमोर म्हणाली, "तूच घातला ना बोटात?" त्या दिवसापासून प्रयागबाईनं त्या वावरात पाय ठेवला नव्हता.

तनुजानं अंगठी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काच असती तर हवेचे गोल बुडबुडे दिसले असते, कारखान्यातला असता तर वाकलेल्या रेघा. इथं निळ्या रंगाच्या पोटात रेशमासारख्या बारीक सुया होत्या, ठरावीक कोनात एकमेकींना छेदणाऱ्या, अखंड. खडा खूप तापवला तर त्या विरघळतात. यंत्रावरचा आकडाही नीलमाचाच आला. एवढ्या वर्षांत इतका अस्सल खडा तिच्या टेबलावर आला नव्हता.

तिनं मान वर केली. प्रयागबाईनं दोन्ही हात मांडीवर गच्च धरले होते.

"काच हाये मावशी," तनुजा म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग उठली. "मंग राहू दे तुयापाशी. काच घरी नेऊन काय करू?"

थांबवावं तर खोटं उघडं पडणार. तनुजानं अंगठी खणात ठेवली.

आठ दिवसांनी चंपतराव विहिरीच्या पायरीवरून घसरला, मनगट मोडलं. पुढं विहिरीची मोटर जळाली. मग तनुजानं तापवलेला पुष्कराज न तापवलेला म्हणून लिहून दिला. अशी चूक तिनं पूर्वी कधीच केली नव्हती. हे सगळं कुणाच्याही घरी घडतं, असं ती स्वतःला समजावायची. पण रोज एकदा खण उघडून खडा भिंगाखाली धरायची, आणि तिला वाटायचं, काल सुया अशा नव्हत्या, थोड्या सरकल्यात. एका शनिवारी दिवसभर तिनं तो खण उघडलाच नाही. आपण वार पाहून थांबलो, हे रात्री तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं धनजची एसटी धरली.

घरी सून निता होती. "आई वावरात गेल्या," ती म्हणाली. "अकरा वर्षात पयल्यांदाच. महिना झाला, रोज जाऊन राह्यल्या."

प्रयागबाई कापूस वेचत होती.

"मावशी, मी खोटं बोलली. खडा खरा हाये."

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "मालूम हाये. तुया डोया त्या यंत्राले लागला तवाच तुयं तोंड उतरलं."

"मंग ठेवून काहून आल्या?"

"तुले भेव नोतं म्हणून. म्हटलं, हिच्यापाशी निजून राहील खडा." तिनं कापूस ओटीत टाकला. "एक गोष्ट कोणालेच सांगितली नाई पोरी. मालक पडला त्याच्या दोन दिवस अगोदर त्याचा डावा हात दुखे, छातीत चमक निघे. तो म्हणे, दवाखान्यात जाऊ. म्याच म्हटलं, नीलम हाये ना हातात, काई होत नाई. खडा खोटा असता तर म्हणता आलं असतं, मले फसवलं. आता काय म्हणू?"

तनुजानं अंगठी पुढं केली. म्हातारीनं हात लावला नाही. तिच्या चेहऱ्याकडं पाहत म्हणाली, "तुले भेव वाटून राह्यलं ना आता?"

"व्हय."

"मंग दे इकडं. तुया मागं नको तो."

अंगठी तिनं स्वतःच्या बोटात घातली. ती इतकी सैल होती, की मूठ मिटून धरावी लागली.

तनुजाला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाजही. ती निघाली. चार पावलं गेली नाही तोच मागून हाक आली, "पोरी, ओळीतून नको जाऊ. बांधावरून जा. तिथंच पडला होता तो."

तनुजानं खाली पाहिलं. ती त्याच ओळीत उभी होती. दोन्हीकडची झाडं वेचून झाली होती. तेवढ्या चार हात जागेत मात्र कापूस पांढराफेक फुटलेला होता, कोणी हात न लावलेला. ती बांधावर चढली आणि सडकेवर पोचेपर्यंत वळून पाहायची तिची हिंमत झाली नाही.