जाळीतला खण

लष्करात मी पंधरा वर्षं ट्रक चालवला. एकाहत्तरची लढाई संपल्यावर दोनेक वर्षांत पेन्शन घेऊन कडेगावला परत आलो, पण भावांच्या हाताखाली शेतात राबत बसायला मन घेईना. तेवढ्यात कळलं, कोयनेच्या धरणाच्या पाण्यावर पाहणीसाठी एका सरकारी खात्यानं नवी बोट आणलीय आणि तिला ड्रायव्हर हवाय. अर्ज केला. "बोट चालवता येते का?" असं विचारलं, तर "येते" म्हणून मोकळा झालो. खरं सांगायचं तर तोवर बोटीत मी दोनदाच बसलो होतो, तेही पोत्यांच्या बरोबरीनं. पण चाक हातात आलं की जगातलं काहीही वळवता येतं, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती.

ही बोट जेटची होती. मागं पंखा नाही, सुकाणू नाही. इंजिन तळाच्या जाळीतून पाणी ओढून घ्यायचं आणि मागच्या तोटीतून जोरात फेकायचं, त्या रेट्यानं बोट पळायची. चाक फिरवलं की तोटी फिरायची आणि बोट वळायची. थांबायचं तर एक दांडा ओढून तोटीवर झडप पाडायची, म्हणजे मागं जाणारी धार पुढं वळायची. हे शिकवायला एक मिस्त्री होता, माधवनगरच्या गिरणीत इंजिनं सांभाळलेला. बोट घेऊन आलेल्या माणसाकडून त्यानं सगळं शिकून घेतलं होतं. वयानं माझ्याएवढाच, अंगानं काटकुळा, आणि बोलायला तिखट.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "गड्या, एकच ध्यानात ठेव. धक्का जवळ आला तरी रेस सोडायची न्हाई. रेस सोडली की तोटीचं पाणी बंद, आन् पाणी बंद झालं की चाक मेलं."

"मग थांबायचं कसं?"

"रेस चालू ठिवूनच. झडप निम्मी पाडायची. निम्मी धार म्होरं, निम्मी मागं. बोट जाग्याव हुबी ऱ्हाती, आन् चाक जितं ऱ्हातं."

ऐकायला सोपं होतं. पण समोर भिंत दिसली की पाय उचलायचा, एवढंच माझ्या अंगात पंधरा वर्षं मुरलेलं. इथं रेसचा दांडा हातात होता, तरी धक्का जवळ आला की हात आपोआप मागं यायचा आणि बोट कुठंही घसरत जायची. पहिल्या आठवड्यात धक्क्याला बांधलेले टायर मी इतक्यांदा ठोकले की मिस्त्री म्हणाला, "टायरांना तरी एक दिस सुट्टी दे रं." मला राग यायचा. गिरणीतल्या माणसानं मिलिट्रीतल्या माणसाला शिकवावं, हेच मुळात पटत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात बोट चार वेळा धक्क्याला नीट लागली आणि मी शेफारलो. लगेच गावी आईला पत्र टाकलं, की साहेबांसमोर माझी परीक्षा आहे, पास झालो की नोकरी कायम, तू बघायला ये.

बाहेरच्या माणसाला धक्क्याकडं यायची बंदी होती. ते ठाऊक असूनही मी बोलावलं.

आई दोन एसट्या बदलून आली. पिशवीत माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा, वर एक हिरवा खण आणि नारळ. पाण्याकडं बघून ती म्हणाली, "एवढं पानी! आन् आपल्याकडं हिरीचा तळ दिसतोय." तिला मी बाजूच्या दगडी पायऱ्यांवर उभं केलं आणि कुणाशी बोलू नकोस म्हणून बजावलं. तिची ती विटलेली नऊवारी आणि भेगाळलेले अनवाणी पाय साहेबांच्या नजरेला पडू नयेत असं मला वाटत होतं. हे आज लिहिताना हात जड होतो, पण वाटत होतं हे खरं.

साहेब पांढरी पँट घालून बोटीत माझ्याशेजारी बसले. जाताना सगळं झकास झालं. परतताना लांबूनच आई दिसली. ती वाकून पाण्यात ओटी सोडत होती. खण आणि नारळ सोडून तिनं हात जोडले. ती माझ्यासाठीच नदीला विनवत होती, हे सांगायला कुणी नको. तिनं बघावं म्हणून मी बोट जरा जास्तच वेगात आणली. धक्का अंगावर आला, आणि माझ्या हातानं रेस पार सोडून दिली.

चाक मेलं. मी ते गरागरा फिरवतोय आणि बोट सरळच चाललीय. टायर चुकवून ती धक्क्याच्या लाकडी खांबावर आदळली. साहेब बाकावरून खाली बसले आणि त्यांचा चष्मा पाण्यात गेला. मिस्त्री धक्क्यावरून धावत आला.

"काय चाललंय हे?" साहेब ओरडले.

तेवढ्यात आईचा नारळ पाण्यावर डुलताना मला दिसला. "साहेब," मी तिकडं हात करून म्हणालो, "कुणीतरी पाण्यात ओटी टाकलीय. खण जाळीत अडकला असणार. इंजिनानं पाणीच ओढलं नाही."

साहेबांनी डोळे बारीक करून पायऱ्यांकडं बघितलं. "ती बाई कोण?"

"माहीत नाही, साहेब. इथल्याच एखाद्या गावची असेल."

आई दहा हातांवर होती. तिनं ऐकलं. क्षणभर माझ्याकडं बघितलं, मग पदर डोक्यावर सारखा केला आणि साहेबांना हात जोडले. "व्हय सायेब, हितल्याच गावची म्या. मला अडाणीला काय ठावं? चुकलं माजं."

साहेबांनी तिला चार शब्द सुनावले. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि पिशवी उचलून निघून गेली. मी चाकावर हात ठेवून ताठ उभा होतो. साहेब म्हणाले, "ड्रायव्हरचा यात दोष नाही. यापुढं इथं कुणाला फिरकू देऊ नका." आणि कागदावर सही केली.

ते गेल्यावर मिस्त्रीनं जाळीवरचं झाकण उघडून आत हात घातला. "सोच्छ हाय," तो म्हणाला. "एक काडीसुदीक न्हाई." मग उठून पायऱ्यांकडं गेला. खालच्या पायरीच्या दगडाला हिरवा खण चिकटून बसला होता, जिथं सोडला तिथंच. त्यानं तो पिळून माझ्या हातात दिला. "आई व्हती न्हवं तुजी? नाक तुजंच हाय. म्या सायबाला काय सांगणार न्हाई. पर तू तिला तरी सांग."

सांगायचंच म्हणून मी एसटीच्या थांब्यावर गेलो. ओला खण खिशात होता. आई झाडाखाली बसली होती. मला बघून आधी तिनं इकडंतिकडं नजर टाकली, माझ्याशी बोलताना कुणी बघत तर नाही ना म्हणून. मग हळूच विचारलं, "लेका, माज्यामुळं नोकरीला काय झालं न्हाई न्हवं?"

"नाही, कायम झाली," मी म्हणालो. पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण तिच्या तोंडावर इतकं हायसं वाटल्याचं दिसलं, की मी भ्यालो. आणि म्हणालो काय? "पण परत कधी पाण्यात काही टाकू नको."

"न्हाई रं बाबा," तिनं कान धरले. भाकरी माझ्या हातात देऊन ती एसटीत चढली. खण माझ्या खिशातच राहिला.

पुढं मिस्त्रीच्या हाताखाली मी खरंच शिकलो. बोट जाग्यावर थरथरत उभी करून अलगद धक्क्याला लावायला लागलो. लोक कौतुक करायचे. मिस्त्रीनं मात्र कधी केलं नाही, आणि आईला सांगितलंस का, असंही विचारलं नाही.

तीनेक वर्षांनी बहिणीच्या सासरी जायला मी आणि आई सांगलीहून एसटीत बसलो. गाडी कृष्णेच्या पुलावर आली तशा खिडक्याखिडक्यांतून बायकांचे हात बाहेर आले आणि नाणी पाण्यात पडायला लागली. आईनंही सवयीनं कमरेचं नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि मूठ मिटून मांडीवर ठेवली.

"टाक की," मी म्हणालो.

"नगं बाबा. खाली कुणाच्या तरी लेकाची बोट आसंल."

सांगलीचा पूल चांगला लांब आहे. तेवढ्या वेळात सगळं सांगून झालं असतं. पूल संपेपर्यंत मी तिच्या मिटलेल्या मुठीकडं बघत बसलो.