रंग अजून ओला आहे

दर रविवारी सकाळी कुमुदमावशी गुडघ्यांवर बसून आमच्या घराची जमीन घासायच्या. आमच्या म्हणजे आमच्याच. कलकत्त्यात डमडमच्या त्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर आणि त्या तळमजल्यावरच्या एका खोलीत, भाडेकरू. लाल सिमेंटची जमीन, कडेने काळी किनार. नारळाच्या शेंडीने घासायची, फडक्याने कोरडी करायची आणि वरून खोबरेलाचा हात फिरवायचा. आई एकदा म्हणाली, भाड्याच्या जागेसाठी एवढा जीव कशाला काढता? मावशी मान वर न करता म्हणाल्या, "घर तुमचं आहे हो, पण पाय माझे आहेत ना!"

मुलींच्या एका शाळेत त्या शिवण शिकवत. लग्न केलं नव्हतं, आईवडील कलकत्त्यातच वारले, आणि नात्याचा म्हणाल तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेहालाला, एक चुलतभाऊ, तोही स्वतःच्या संसारात गळ्यापर्यंत बुडालेला. त्यामुळे ती एक खोली म्हणजे त्यांचं सगळं काही. मला मराठी लिहायला त्यांनीच शिकवलं. आम्ही तिथं जन्मलेली मुलं घरात मराठी बोलायचो कशीबशी, लिहिण्याच्या नावाने मात्र ठणठणाट. ओळ वाकडी गेली की त्या पान माझ्यापुढे सरकवायच्या. "उसव आणि पुन्हा घाल. त्यात काय रडायचं?" हे त्या ब्लाऊजच्या बाहीलाही म्हणायच्या, अक्षरालाही आणि माझ्या मैत्रिणींशी झालेल्या भांडणालाही.

बापाबद्दल असं लिहू नये म्हणतात. मी लिहिणार आहे. दिवस वाईट होते, कबूल. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भिंतीभिंतींवर घोषणा, गल्लीत बॉम्बचे आवाज, संध्याकाळी बाबा घरी पोहोचेपर्यंत आईचा जीव टांगणीला. घर विकून पुण्याला जायचं बाबांनी ठरवलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण भाडेकरूसकट घर घ्यायला कलकत्त्यात कोण येतो? आणि भाडेकरूला बाहेर काढणं कायद्याने जवळजवळ अशक्य. मावशींना घर विकायचं आहे एवढं सांगायची हिंमतसुद्धा बाबांना झाली नाही. सांगितलं ते एवढंच, की दुर्गापूजेच्या सुट्टीत घराला आतून रंग देतोय, तेव्हा कुमुदताई, पंधरा दिवस भावाकडे जाऊन या.

वर त्यांना विचारलं, तुमच्या खोलीला कोणता रंग देऊ? हे मला अजून पचत नाही. मावशींनी त्यावर तीन दिवस विचार केला. त्यांच्या खिडकीसमोर शेजारच्या घराची भिंत होती, ऊन असं कधी आत यायचंच नाही. "फिकट पिवळा द्या. ऊन आल्यासारखं वाटेल तरी," त्या म्हणाल्या. जायच्या आधी दोन दिवस खपून त्यांनी जमीन आरशासारखी केली आणि रंगाचे शिंतोडे पडू नयेत म्हणून तिच्यावर जुनी पोती अंथरली.

किल्ली मागायला बाबांनी मला पाठवलं. मी बारा वर्षांची होते, मला काही माहीत नव्हतं. मावशींनी किल्ली माझ्या हातात दिली आणि सोबत एक पोस्टकार्ड. त्यावर बेहालाचा पत्ता त्यांनीच लिहून ठेवला होता. "रंग वाळला की टाक. बघू या तुझं अक्षर," म्हणाल्या. एका पिशवीत पंधरा दिवसांचे कपडे घालून त्या बसने गेल्या.

आठ-दहा दिवसांनी गिऱ्हाईक आलं. एक वकीलबाबू आणि त्यांची बायको. चहा घेऊन मी मागोमाग होते. पोती काढलेली होती. पिवळ्या खोलीत येताच बाई थबकल्या आणि म्हणाल्या, ही खोली किती उजळ आहे! जमिनीवरून तर त्यांची नजर हलेना. वकीलबाबूंनी विचारलं, खोली रिकामी मिळणार ना? बाबा म्हणाले, रिकामीच आहे, किल्ली माझ्याकडे आहे.

तेव्हा मला कळलं. त्या संध्याकाळी बाबांनी ते पोस्टकार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि मजकूर सांगितला: रंग अजून ओला आहे, आणखी आठ दिवस थांबा. मी आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत राहिली. मी लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं, एकही ओळ वाकडी नव्हती.

मावशी आल्या त्या दिवशी बाबा मुद्दाम लवकर ऑफिसला गेले होते. त्यांची ट्रंक, स्टोव्ह, शिवणयंत्र, सगळं मागच्या व्हरांड्यात ताडपत्रीखाली रचलेलं होतं. दाराला वकीलबाबूंचं नवं कुलूप. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही, म्हणून खाली मी गेले आणि घर विकलं, असं मीच त्यांना सांगितलं. केसाने गळा कापायचा आणि रक्त पुसायला पोरीला पाठवायचं, असला प्रकार.

मावशी खिडकीच्या गजांना धरून बराच वेळ आत बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग पिशवीतून कागदात बांधलेलं एक पुडकं काढलं. फिकट पिवळे पडदे होते, हिरव्या काठाचे. बेहालाला बसून हाताने शिवले होते, त्या तीन आठवड्यांत. "तू ठेव. एक तू तरी माझी निघालीस," त्या म्हणाल्या.

भाऊ हातगाडी घेऊन आला आणि त्या गेल्या. पुण्याहून मी चार पत्रं लिहायला घेतली, चारही फाडली. पाचेक वर्षांनी त्या भावाकडेच वारल्याचं कळलं. बाबा म्हणाले, चांगल्या होत्या बिचाऱ्या. मी ताटावरून उठले, पण कोणत्या तोंडाने? खोली बाबांनी खोटं बोलून घेतली, आणि पडदे मी.