अंगठ्याचं वजन

सापळ्याची झडप बंद होती. मी दोनदा चाचपून पाहिली. आत अणू जायला वाटच नव्हती, तरी पडद्यावर ते येत होते: तेवीस वजनाचे, मग एकोणचाळीस वजनाचे. आतला तापता तंतू बंद केला की गायब, लावला की पुन्हा हजर.

मे महिन्यातली दुपार, कॉलेजला सुट्या, अख्ख्या इमारतीत मी आणि कूलरची घरघर. मी काही भित्री बाई नाही. पण त्या दिवशी दोनदा मागे वळून पाहिलं, खोटं कशाला सांगू?

आमचा सापळा म्हणजे हवा काढून घेतलेल्या डब्यात एक धातूची कडी आणि वर-खाली दोन टोप्या. विजेच्या जोरावर भारित अणू मधोमध लटकत ठेवायचा, कशालाही टेकू न देता, आणि त्याचं वजन काढायचं. क्षणभर जगून नाहीसे होणारे किरणोत्सारी अणू जिथं बनवतात, तिथं हा सापळा महिनाभरात न्यायचा होता. तिथली आमची पाळी हुकली असती तर माझी चार वर्षांची मेहनत पाण्यात.

कडी बाबांनी घडवली होती. कन्हानला त्यांचा लेथ. सारा जन्म त्याच्यापुढे उभं राहण्यात गेला. काम झालं की त्यावर अंगठा फिरवायचा, ही त्यांची सवय. आमच्याकडे नेमकं तेच पाप. बोटाचा घाम आत गेला की मोजमापाची वाट लागते.

कडी धुऊन, हातमोजे घालून मी ती बसवली, त्या दिवशी बाबा बघायला आले होते. मी पाना ठेवायला वळले, तर मागून आवाज आला, "अवं, इथं काठाले थोडंसं..."

"बाबा! हात लावला का?" मी विद्यार्थ्यांसमोरच ओरडले. "किती डाव सांगितलं तुम्हाले!"

त्यांचा चेहरा पडला. "नाही लावला वं," म्हणाले, आणि चहाही न घेता नंदनवन वस्तीतल्या घरी निघून गेले. पुढचे बारा दिवस मी कामात होते, फोनही केला नाही. तेराव्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं.

आणि आता हे. तेवीस म्हणजे सोडियम, एकोणचाळीस म्हणजे पोटॅशियम. आकडे कितीदा तरी लिहिले आणि मग उलगडलं. मीठ. घाम! तंतूतून निघालेले इलेक्ट्रॉन कडीवर आपटत होते आणि तिथं चिकटलेला कुणाचा तरी घाम कणाकणाने उडवत होते. त्या पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत एखादा चाळीस वजनाचा असतो, किरणोत्सारी, कोट्यवधी वर्षं टिकणारा. तो तुमच्याआमच्या सगळ्यांच्या अंगात आहे. चितेनंही त्याचं काही बिघडत नाही.

मी डबा उघडला. टॉर्च तिरपी धरली. काठाजवळ अंगठ्याचा ठसा होता, मधून आडवी रेघ गेलेला. लेथवर कापलेल्या बाबांच्या अंगठ्याची ती खूण मला लहानपणापासून पाठ होती. मी मोठमोठ्यानं रडले.

पुसायला तर हवंच होतं. फडका स्पिरिटमध्ये भिजवला, आणि काय वाटलं कोण जाणे, हातमोजा काढून त्यांच्या ठशावर माझा अंगठा टेकवला. काहीतरी टोचलं. काठाला कुसळाएवढी धार उठली होती. कडी बसवताना माझाच पाना घसरला होता. तेव्हा उठलेली ही धार मला दिसलीही नव्हती. त्या धारेपाशी वीज एकवटून सगळा खेळ बिघडला असता, आणि सापळा तिकडे नेल्यावर त्यात एकही अणू टिकला नसता.

बाबांना ते अंगठ्यानं कळलं होतं. पण सांगायचं तर हात लावला हे कबूल करावं लागलं असतं, आणि मी ओरडले होते.

धार घासली, तसा ठसाही गेला. सापळा वेळेवर पोचला. आता झडप बंद केली की पडदा कोरा राहतो, तरीही मी तंतू लावून बघते.