लाईटबॉक्सवरचा झेंडा

‘प्रकाश हाच इतिहासाचा खरा साक्षीदार आहे,’ असं आमच्या गावच्या इतिहास समितीच्या लेटरहेडवर ठळक छापलेलं होतं. अध्यक्ष देशमुख सर ते पत्र घेऊन माझ्या इलेक्ट्रिक दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा अर्ध्या पांढुर्ण्याची लाइट गेलेली होती. पत्र मी मोबाइलच्या टॉर्चवर वाचलं.

सरांसोबत एक लाईटबॉक्स होता. म्हणजे चपटी पेटी, आत दोन फुटी दोन ट्यूब, वर दुधाळ ॲक्रिलिकची शीट. पूर्वी फोटोग्राफर त्यावर स्लाइड ठेवून बघत. स्लाइड म्हणजे कागदावर न छापलेला, फिल्मवरचाच रंगीत फोटो. मागून उजेड पडला तरच दिसतो, आणि असतो आगपेटीएवढा. जवळच्या सौंसरचा एक स्टुडिओ बंद झाला, तिथून ही पेटी आणि स्लाइडचा डबा समितीकडे आला होता.

“एका स्लाइडमध्ये गुलाबराव आहेत,” सर म्हणाले. “झेंडा घेऊन पळून राहिले. रविवारी त्यांचा सत्कार आहे. शनिवारी सगळ्यांसमोर स्लाइड बघायची अन् वाद संपवायचा. पण पेटी लागूनच नाही राहिली.”

वाद आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधे दगडांचा पाऊस. झेंडा पांढुर्ण्यात आला तर पांढुर्णा जिंकलं. गुलाबराव तरुणपणी झेंडा घेऊन पळाले, हे दोन्ही काठांना मान्य होतं. कोणीकडे पळाले, एवढंच मान्य नव्हतं. गुलाबरावांची सासुरवाडी सावरगावची. त्यामुळे म्हातारा टपरीवर चहाला बसला, की कोणीतरी विचारायचंच, “काका, सासऱ्यानं झेंड्याचं काय केलं?” चाळीस वर्षं हेच.

फोटो पुलावरून काढलेला. डावीकडे पांढुर्णा, उजवीकडे सावरगाव. पण पेटी बंद, म्हणून लोकांनी स्लाइड खिडकीकडे धरून बघितली. स्लाइड उलटी धरली, की डावं उजवं होतं. पांढुर्ण्याच्या माणसानं आपल्या सोयीनं धरली, सावरगावच्या माणसानं आपल्या. दोघांनाही पुरावा मिळाला.

“इथंच बसतो मी,” सर म्हणाले. “तुमची सासुरवाडी सावरगावची आहे ना?”

“हो. तुमच्या सुनेचं माहेर?”

सर थोडे थांबले. “सावरगाव. पण ती समितीत नाही.”

लाइट आली. मी स्क्रू काढले. ट्यूबची टोकं काळी पडली होती, पण ट्यूब जिवंत होत्या. स्टार्टर ठीक. चोकपाशी मात्र हात थांबला. चोक म्हणजे ट्यूबमधून जाणारा करंट आवरणारं ठोकळ्यासारखं यंत्र. त्याची वायर तुटली होती. जळालेल्या वायरचं टोक काळं होतं. उंदरानं खाल्लेली वायर दातेरी असते. ही सरळ कापलेली होती, आणि आतलं तांबं नव्यासारखं लखलखत होतं. चार दिवसांपूर्वीचंही काम नव्हतं ते.

मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडेच बघत होते. पेटी समितीच्या खोलीत, त्यांच्याच ताब्यात होती. संशय घ्यायला दोघांनाही भरपूर वाव होता. मी झाकण परत ठेवलं.

दुपारी सर जेवायला गेले. जाताना पेटीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली. ते वळणावर दिसेनासे झाले आणि गुलाबकाका आले. स्टुलावर बसले.

“नाही होत म्हणून सांगून दे ना बाप्पा,” ते म्हणाले. “जुनी वस्तू आहे.”

“काका, वायर कोणीतरी कापली आहे.”

“पक्कड माझीच होती.”

मला वाटलं, झालं, सापडलं. “म्हणजे तिकडेच पळाले होते तुम्ही?”

“इकडेच पळालो. मायची आन!”

“मग भेता काऊन?”

काकांनी त्या सही केलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. “सासरा मरून गेला, तरी लोक त्याला सोडत नाहीत. इकडं बायको घरात तेच ऐकून राहिली चाळीस वर्षं.” मग उठले. “लाव तू. एकदाचं संपून जाऊ दे. जे दिसन ते दिसन.”

सर परत आले. मी म्हणालो, “उंदीर.” सरांनी विचारलं, “पांढुर्ण्याचाच ना?” मी वायर जोडली, काळ्या टोकांच्या ट्यूबही बदलून टाकल्या. पेटी दोनदा लुकलुकली आणि स्थिर झाली.

शनिवारी समितीच्या खोलीत दोन्ही काठ जमले. स्लाइडची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे ठेवली, की फोटो सुलट दिसतो. मी सगळ्यांना दाखवून तशी ठेवली. सर भिंग लावून वाकले.

“डावीकडे! इकडेच येऊन राहिले!”

टाळ्या पडल्या. काकांनी डोळे मिटले. मग सावरगावच्या एका म्हाताऱ्यानं भिंग मागितलं. तो फार वेळ वाकून राहिला.

“दिशा बराबर आहे जी,” तो म्हणाला. “पण हातात काय आहे?”

सरांनी पुन्हा बघितलं. मग मी बघितलं. वर केलेल्या हातात तांबड्या प्लास्टिकच्या दोन चपला होत्या.

सगळे काकांकडे वळले.

“नवीन होत्या,” काका म्हणाले. “पाण्यात वाहून गेल्या असत्या.”

“अन् झेंडा?”

“झेंडा होता म्हणून मी कधी म्हटलं? तुम्हीच म्हणून राहिले होते. मी फक्त नाही म्हटलं नाही.”

“म्हणजे जावयानं सासऱ्याला काहीच नाही दिलं!” सावरगावचा म्हातारा ओरडला. खोलीभर हसू फुटलं. काकाही हसले, आणि हसताना त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. बायकोला सांगायला म्हणून ते चहा न घेताच निघाले.

या धंद्यात मी एवढंच शिकलो, की गिऱ्हाईक उजेड मागतं तेव्हा किती पाहिजे ते आधी विचारून घ्यावं.

सत्कार रविवारी ठरल्याप्रमाणे झाला, कारण शाल आणलेली होती. समितीच्या स्मरणिकेतही तो फोटो आला, ब्लॅक अँड व्हाइट. खाली ओळ आहे, ‘विजयी ध्वजासह गुलाबराव.’ भिंगानं बघितलं तर चपलेचा पट्टा दिसतो.